माझी काळजी ऑर्गनवाल्या बाईंकडे आहे

प्रिय वन्सं,

त्या सकाळी मी चादरी पिळून दोरीवर टाकल्या होत्या, चहाचं भांडं घासून पालथं घातलं होतं, जिना झाडला होता आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसून पाळकसाहेबांच्या झग्याची उसवलेली बाही शिवत होते. सुईत दोरा शेजारणीने ओवून दिला होता. (मी हल्ली पाच-सहा सुया एकदम ओवून आणते आणि उशीला टोचून ठेवते, म्हणजे तिला सारखं दार उघडावं लागत नाही आणि मला दर वेळी नवं कारण शोधावं लागत नाही.) सगळं रोजच्यासारखंच होतं. बाही शिवली, दोरा दातांनी तोडला, झग्याची घडी घातली. आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

पण थांबा, सलाम राहिला. तुम्ही म्हणाल, भाऊ गेला आणि त्याच्या मागे हिची रीतभातही गेली. तर वन्सं, प्रभूच्या कृपेने मी बरी आहे, तुम्हीही असाल अशी आशा करते. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखतो असं होतं, त्याआधीच्या पत्रात उजवा. त्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या असतील तर निदान एकाला तरी विसावा मिळतोय म्हणून देवाचे आभार माना. (रागावू नका. हे तुमचे बंधूच म्हणाले असते. ते नाहीत म्हणून मला म्हणावं लागतं.) अक्षर मोठं आणि ओळी उतरत्या आहेत, ते सांभाळून घ्या. कारण पुढे येतंच आहे.

रविवारी पाळकसाहेबांनी तो झगा घातला. उपदेश झाला, प्रार्थना झाली, आणि ते शेवटचा आशीर्वाद द्यायला उभे राहिले. आशीर्वादाला दोन्ही हात वर करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. उजवा वर गेला. डावा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, तर हाताऐवजी अख्खा झगाच एका बाजूने वर चढला आणि खालची पँट दिसू लागली. पुढच्या बाकावरच्या कंपाउंडरने ‘झटका आला, झटका आला’ म्हणून धाव घेतली. ऑर्गनवाल्या बाई लोकांकडे पाठ करून बसतात आणि ऑर्गनवर लावलेल्या आरशातून सगळं बघतात. त्यांना आरशात काय उलटसुलट दिसलं देव जाणे, त्यांनी आशीर्वादाच्या आधीच शेवटचं गीत सुरू केलं. मग पाळकसाहेबांनी एक जोराचा हिसका दिला आणि टर्रकन आवाज आला. मी बाही कोपरापर्यंत झग्याच्या कुशीलाच शिवून टाकली होती, वन्सं. एक मात्र सांगते, फाटलं ते कापड. शिलाई जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी ऑर्गनवाल्या बाई मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. (हाताला धरायची गरज नव्हती. मला रस्ता दिसतो. सुईचं भोक तेवढं दिसत नाही.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, उजवा पुरता पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. आठवड्याच्या आत दवाखान्याच्या खिडकीवर येऊन ऑपरेशनची तारीख घ्या, कारण एकदा ही फेरी भरली की पुढच्या फेरीला बराच काळ जाईल, आणि तोवर काम अवघड होऊन बसेल. मी हो म्हटलं. मला भीती वगैरे काही वाटली नाही, हे इथेच लिहून ठेवते.

वाटला तर राग वाटला. शिलाई गेली तर जाऊ दे, पोटापुरतं मुलगी पाठवेल. पण वाचन? तुम्हाला आठवत असेल, लग्न होऊन आले तेव्हा मला माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं आणि तुम्ही ते चारचौघींत बोलून दाखवलं होतंत. मी मंडळीच्या उपासनेत गीतपुस्तक उघडून उभी राहायचे. गाणी पाठ होतीच. तोंडाने शब्द म्हणायचा आणि बोट ठेवून तो पानावर कुठे आहे ते धरायचं, असं करत करत एक दिवस न गायलेल्या पानावरचंही वाचता आलं. तुमचे बंधू शेजारी उभे होते, मी त्यांना इतक्या जोरात कोपर मारलं की त्यांचा सूर गेला. तेव्हापासून एक दिवस वाचल्यावाचून गेला नाही, ते गेले त्या दिवशीसुद्धा. हे आता देव परत मागतोय का, असं मी त्याला स्पष्ट विचारलं. उत्तर आलं नाही. त्याऐवजी बुधवारची सभा आली.

आमच्या पाळकसाहेबांना मधूनमधून कल्पना सुचतात. ते म्हणाले, आपण एकमेकांची ओझी वाहावी असं शास्त्रात आहे, आपण ती नुसती वाचतो. आज खरंच वाहू या. सगळ्यांना खुर्च्या गोल करून बसवलं. प्रत्येकाने आपली काळजी मोठ्याने सांगायची, उजवीकडच्याने ‘आता ही माझी’ म्हणायचं, आणि त्या क्षणापासून मूळ मालकाने तिला हात लावायचा नाही. त्याने देवावर भरवसा ठेवून मोकळं राहायचं, आणि घेणाऱ्याने रोज तिच्यासाठी प्रार्थना करायची. कल्पना वाईट नव्हती. खुर्च्या वाईट मांडल्या गेल्या. माझ्या उजव्या हाताला ऑर्गनवाल्या बाई आल्या आणि डाव्या हाताला खुद्द पाळकसाहेब.

म्हणजे पाळकसाहेबांची काळजी माझ्याकडे आली. ती काय असावी? ते मान खाली घालून म्हणाले, ‘माझ्या उपदेशात लोक झोपतात.’ सगळ्यांनी आपापल्या नखांकडे पाहिलं, आणि मग एकेक करून माझ्याकडे. आता यात माझा काय दोष? घरी तो पलंग एकटीला फार रुंद होतो, झोप लागत नाही. मंडळीत आजूबाजूला माणसं असतात, ओळखीचा आवाज चालू असतो, माझा डोळा लागतो. देवाच्या घरात नाही विसावायचं तर कुठे? पण म्हणावं लागलं, ‘आता ही माझी.’ तेव्हापासून मी उपदेशात टक्क जागी असते आणि कुणाची मान कलली की देवाला कळवते. कंपाउंडरसाठी तर दर रविवारी दोनदा प्रार्थना करावी लागते.

आणि माझे डोळे ऑर्गनवाल्या बाईंकडे गेले. वन्सं, त्या बाईंनी माझी काळजी जशी केली तशी मी जन्मात केली नसती. रोज सकाळी दारात हजर. ‘काय हो, रात्री काळजी केलीत?’ मी नाही म्हटलं की बारीक डोळे करून बघायच्या. ‘चेहऱ्यावरून वाटत नाही. करू नका हं, ती माझी आहे.’ मग माझ्या नाकासमोर बोटं नाचवायची आणि किती ते विचारायचं. माझ्यासाठी त्यांनी उपास धरले, आणि उपासामुळे चिडचिड वाढली ती काढायला पुन्हा माझ्याकडेच यायच्या. प्रार्थनेत मला ‘तुझी ही अंध कन्या’ म्हणू लागल्या. मी म्हटलं, बाई, अजून झालेली नाही. तर म्हणाल्या, ‘बघा, तुम्ही परत माझ्या काळजीत हात घातलात.’ त्यांनी ही बातमी गल्लीभर केली, सर्वांनी प्रार्थना करावी म्हणून. आता भाजीवाला मला प्रत्येक भाजीचं नाव ओरडून सांगतो. पोस्टमनने तुमचं मागचं पत्र मला दारातच मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी आता खालच्या मजल्यावरचेसुद्धा करतात.

मी मात्र मोकळी राहिले, अगदी नियमाने. दवाखान्याचा विचार आला की म्हणायची, ही माझी नाही, आणि भांडी घासायला लागायची. इतकं चकचकीत घर तुमच्या बंधूंच्या काळातही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ऑर्गनवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘मग? तारीख कुठली मिळाली?’ मी म्हटलं, ‘ते तुम्ही मला सांगायचं ना.’ त्या म्हणाल्या, ‘मी?’ मी म्हटलं, ‘हात लावू नका म्हणालात.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, काळजीला हात लावू नका म्हटलं होतं! मी इथे उपाशी मरतेय आणि तुम्ही खिडकीपर्यंत गेला नाहीत?’ मी म्हटलं, ‘तुम्ही गल्लीभर फिरलात, दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे.’ यानंतर आम्ही दोघी जे बोललो ते ख्रिस्ती बायकांनी बोलण्यासारखं नव्हतं. आठवडा उलटून गेला होता. तारीख कुणीच घेतली नव्हती.

आम्ही तशाच पाळकसाहेबांकडे गेलो आणि सरळ विचारलं, तारीख घेणं हे काळजीत मोडतं की कामात? त्यांनी कपाळाला हात लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाले, ‘यावर रविवारी बोलतो.’ (डोळा माझा जातोय आणि हे रविवारपर्यंत थांबायला सांगतात.)

रविवारी बोलले. आणि मी जागी असल्यामुळे मला ते अथपासून इतिपर्यंत ऐकावं लागलं. त्यांनी त्या जन्मांध माणसाची गोष्ट घेतली. प्रभूने थुंकीने माती कालवली, त्याच्या डोळ्यांना लावली, आणि म्हणाला, जा, तळ्यावर जाऊन धू. पाळकसाहेब म्हणाले, बरं करणारा तो होता, त्याची इच्छा असती तर तिथल्या तिथे दिसलं असतं. पण तळ्यापर्यंत त्या माणसाला स्वतःच्याच पायांनी चालायला लावलं. विश्वास त्या चालण्यात होता. घरी बसून मोकळं राहण्यात नव्हता. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हा त्यांचा चांगुलपणा. उपदेश चांगला होता, वन्सं. इतकी वर्षं मी कशाकशातून झोपून गेले असेन, या विचाराने मला आणखीनच राग आला. कंपाउंडरसुद्धा जागा होता.

तर हे असं आहे. एकूण देवाची कृपा आहे आणि काळजीचं काही कारण नाही. गुडघ्यांना जपा, जिना हळू उतरा, मुलांना आशीर्वाद सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. – मुलगी फोनवर म्हणाली, मी येते सोबतीला. पण तिचं बाळ अंगावर पितं, तिला कुठे ओढू? मीच नको म्हटलं. ऑर्गनवाल्या बाई एका पायावर तयार आहेत, पण त्या बाहेर बाकावर बसून मोठ्याने प्रार्थना करतील आणि डॉक्टरीणबाईंचा हात हलेल.

आणखी ता. क. – मघाशी लिहिलं की भीती नाही. ते खोडत नाही, खोडलं की पान खराब दिसतं. पण वन्सं, तो दवाखाना तोच आहे. तुमचे बंधू त्याच दारातून स्वतःच्या पायांनी आत गेले होते, किरकोळ ऑपरेशन म्हणून, मला म्हणाले होते की जेवायला काय करणार ते ठरवून ठेव. सगळी मंडळी प्रार्थना करत होती. मीही. खिडकी तीच आहे, बाकही तोच. मी आठवडाभर काळजी दुसऱ्याची म्हणून घासत बसले ती भांडी त्यामुळे. त्या दिवशी बाकावर पुष्कळ लोक आले आणि प्रत्येकाने मला एकेक वचन ऐकवलं. तुम्ही एकट्याच काही बोलला नाहीत. माझा पदर जमिनीला लागत होता तो उचलून माझ्या मांडीवर ठेवलात आणि शेजारी बसून राहिलात, संध्याकाळपर्यंत. मी तेव्हा काही म्हटलं नाही, आपण दोघी एकमेकींशी फारसं गोड कधी बोललोच नाही.

त्या आंधळ्या माणसाला तळ्यापर्यंत चालायला लावलं, हे मला पटलं. पण डोळ्यांत चिखल घेऊन तो एकटा कसा गेला असेल? कुणीतरी हात धरला असणार. पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, शास्त्रात त्याचं नाव दिलेलं नाही. तुमचे गुडघे एवढा प्रवास सोसतील का?

शेवटचं ता. क. – पत्र काल संपवलं होतं, पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी दवाखान्यात जाऊन खिडकीवर उभी राहिले. या फेरीतलं एकजण गळल्यामुळे जागा होती, पुढच्या महिन्याचा दुसरा मंगळवार मिळाला. सोबत कोण येणार, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.