पहाटेचा पहारा आणि किशोरशेठ

नाशिक,
कार्तिक वद्य एकादशी

तीर्थस्वरूप पुंजारामदाजींच्या पायांशी वाल्मीकचा दंडवत पोहोचावा. इकडे मी आणि ज्योत्स्ना, दोघंही देवाच्या कृपेने हिंडतेफिरते आहोत. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? (डाव्याची चौकशी मागच्या पत्रात झाली आहे.) ताईची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो, कारण ती स्वतः आटोक्यात असेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. कांद्याचा भाव विचारत नाही. तो चढला असता तर तुम्ही आपणहून कळवलं असतं.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी गळ्यात गिटार अडकवून चारचौघांत उभा होतो, म्हणून उचलता आला नाही. नंतर तुमचा निरोप ऐकला. ‘वाल्मीक, सप्त्याला येणार का नाय ते लवकर कळीव. तुझ्या बापाचा पहाटंचा पहारा हाय म्हून विचारतो. संतोष लय मागं लागलाय. एकदा त्याला दिला की दिला, मंग माझ्याकडं रडत येऊ नको.’ निरोप मी पुन्हा ऐकला, आणि मग ज्योत्स्नाने ऐकला. ती म्हणाली, दाजींचा आवाज अजून खणखणीत आहे. एवढंच म्हणाली.

दाजी, तो पहारा मला काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाने ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने समोर येऊन हात जोडायचे, मग पहिल्याने ती त्याच्या गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. आमचे दादा होते तोवर पहाटेची वेळ त्यांची, त्यांच्यानंतर माझी. (हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण मुद्दा मांडण्याआधी त्याचा पाया घालावा असं आपल्या शाळेत शिकवलं होतं, आणि त्या शाळेचं मला तेवढंच आठवतं.) अडचण अशी की यंदा अधिक महिना आला आणि आपल्या सप्ताहाची दत्तजयंती सरकत सरकत नाताळाच्या अंगावर जाऊन पडली. दत्तमहाराजांचं त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते माझं, कारण जॅझ वाजवणाऱ्याचा नाशकात जो काही हंगाम असतो तो त्याच पंधरवड्यात असतो.

जॅझ म्हणजे काय, हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि उत्तर येण्याआधी झोपता. म्हणून लिहूनच ठेवतो. अभंगाचं ध्रुपद एकदा सरळ म्हणायचं, मग ते आडवं, उभं, उलटं, मनाला येईल तसं फिरवायचं आणि शेवटी न चुकता पुन्हा ध्रुपदावर यायचं. हे मला देवळालीच्या बँडमास्तरांनी शिकवलं. तुम्ही मला देवळालीला वायरमनचं काम शिकायला धाडलं होतं, ही गोष्ट वेगळी. वायरीशी संबंध अजून आहे, हे पुढे येईलच.

हंगामाला दोन तोंडं आहेत. दिवसा गंगापूर रोडच्या क्लासमध्ये शिकवणं. तिथे मुलं कमी आणि आया जास्त शिकतात. रुद्र नावाचा एक मुलगा आहे, गुणी आहे, पण त्याच्या आईला तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक अवघड गाणं वाजवताना दिसला पाहिजे. मी म्हटलं, ‘ताई, अजून बोटं बसायची आहेत.’ त्या म्हणाल्या, ‘सर, बोटं नंतर बसवा हो, आधी गाणं बसवा.’ यावर मी बराच विचार केला. विचार करून गाणं बसवलं. बोटं अजून उभीच आहेत.

संध्याकाळी धरणाकडच्या हॉटेलांत वाजवणं. आपल्याकडची द्राक्षं विंचूरच्या वाइनरीत जाऊन बाटलीत बसतात आणि धरणाकाठी येऊन माझ्यासमोर उघडतात. मी त्यांना हात लावत नाही, पण गाववाल्यांशी असावी तेवढी ओळख आहे. लोक जेवत असतात, मी कोपऱ्यात वाजवत असतो. मॅनेजर अधूनमधून येऊन हाताचा पंजा खाली दाबत सांगतो, ‘सर, थोडं कमी.’ मी कमी करतो. तो पुन्हा येतो, मी पुन्हा कमी करतो. गेल्या शनिवारी तो आलाच नाही. मला वाटलं, आज आपली कला त्याला पोहोचली. मी रंगात येऊन एकामागून एक चिजा वाजवल्या, डोळे मिटले, दादांची आठवण झाली. डोळे उघडले तर स्पीकरचा दिवा विझलेला. वायर केव्हाची निघून पडली होती (तुमचे वायरमनचे पैसे कसे पाण्यात गेले पाहा), आणि मी मुकाट तारा हलवत होतो. कोणाच्या घासात खंड पडला नव्हता. निघताना मॅनेजरने हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘सर, आज साउंड एकदम परफेक्ट. रोज असाच ठेवा ना.’

घरी येताना मनात आलं की आपल्या सप्ताहातही वीणा कोणी कान देऊन ऐकत नाही. लोक भजन ऐकतात, डुलक्या घेतात, पंगतीला काय आहे ते विचारतात. पण गेल्या साली माझ्या हातून पहाटे एक तार तुटली, तर मांडवात झोपलेली माणसंसुद्धा उठून बसली आणि विमलाबाई मागून ओरडल्या, ‘काय झालं रं, वाल्मीक?’ असो. असं काहीबाही मनात येतं. वयाचा दोष.

आता मूळ घोटाळ्याकडे येतो, म्हणजे किशोरशेठकडे. हे आमच्या गंगापूर रोडचे बिल्डर. त्याच हॉटेलात दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मध्येच जरा बाहेर जाऊन येण्याच्या घाईत होतो. गिटार ठेवायला तिथे स्टँड असतो, पण गळ्यातलं वाद्य ठेवून जायला माझं मन होत नाही, म्हणून घुटमळत होतो. तेवढ्यात हे गृहस्थ टेबलावरून उठून थेट माझ्यासमोर आले, त्यांनी हात जोडले आणि मान लववली. ते बिचारे दाद द्यायला आले होते. पण दाजी, इतक्या वर्षांची सवय. समोर येऊन हात जोडले म्हणजे पहारा बदलला. मी गिटार काढली, त्यांच्या गळ्यात घातली, वाकून पाया पडलो आणि बाहेर निघून गेलो.

परत आलो तर शेठ तसेच उभे. डोळे मिटलेले, एका हातात पेला, दुसऱ्या हाताने मोकळ्या तारा छेडणं चाललेलं, आणि सगळं हॉटेल खाणं थांबवून त्यांचं चित्रीकरण करत होतं. टाळ्या अशा पडल्या की मॅनेजरसुद्धा पंजा दाबायला विसरला. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘गुरुजी, आजवर लोक माझ्या पाया पडले ते फ्लॅटसाठी. तुम्ही स्वतःच्या गळ्यातली काढून दिलीत!’ मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण त्या आनंदी माणसाला ‘तुम्ही चुकून पहाऱ्याला लागलात’ असं कसं सांगायचं?

तेव्हापासून ते माझे शिष्य आहेत. रोज सकाळी येतात. एकच सूर येतो, पण तो ते मनापासून छेडतात. आता त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आहे आणि पुढे आठवडाभर पाहुणे. रोज रात्री गुरू-शिष्यांनी मिळून वाजवायचं असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. तो आठवडा नेमका सप्ताहाचा. रात्री तिकडे वाजव आणि पहाटे इकडे ये, असं तुम्ही म्हणाल. पण शेठची पाहुणेमंडळी उजाडल्याशिवाय उठणारी नाहीत, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाने द्वारका चौकात उभं राहून मिळेल त्या गाडीला हात करत गावी पोहोचेपर्यंत तुमची काकड आरती होऊन गेलेली असेल.

म्हणून शांतपणे विचार करून कळवतो की यंदा पहारा संतोषला द्यावा. पोरगा चांगला आहे. मांडव त्याचा, माईक त्याचा. वीणा घेताना एका हातात मोबाईल असतो, पण दुसऱ्या हाताने नमस्कार करतो. दादा असते तर त्यांनीही समजून घेतलं असतं असं मी स्वतःला सांगतो आहे. देवाला जागा महत्त्वाची नसते, भाव महत्त्वाचा, हे कीर्तनात ऐकलेलं या वेळी उपयोगी पडलं. ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
वाल्मीक

ता. क. संतोषला एवढ्यात काही बोलू नका. माझं पत्र पोहोचलं नाही असं समजा.

आणखी एक. ज्योत्स्नाने पत्र वाचलं. ती विचारते, हे पाठवायचं असेल तर काल ताईंना फोनवर ‘येतो, माझी गोधडी काढून ठेव’ असं कोण म्हणालं? मीच म्हणालो. आणि त्याच दिवशी सकाळी शेठना ‘हो’ कोण म्हणालं? तेही मीच. मला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

आणखी एक, आणि खरं म्हणजे हेच लिहायला बसलो होतो. तुमच्यासारखा तोंडावर ‘नाय’ म्हणणारा माणूस आपल्या तालुक्यात दुसरा नाही. शेठना एक फोन करा. त्यांचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. मी सांगितलं असं म्हणू नका, तुमचाच हट्ट आहे म्हणा. ते तुम्हाला फार मोठे महाराज समजतात (हे माझ्याकडून झालं आहे), तेव्हा जरा सावकाश बोला आणि सुरुवातीला शिवी घालू नका.

शेवटचं. ते रागावतील. माझा क्लास त्यांच्याच बिल्डिंगमध्ये आहे, हे वर लिहायचं राहिलं. ज्योत्स्ना म्हणते, जागा गेली तर आपल्या हॉलमध्ये शिकवा, सोफा मी बाहेर काढते. तेव्हा फोन कराच, आणि संतोषला आजच सांगून टाका, पहाटे वाल्मीक उभा राहणार आहे.