बालदंत रक्षण मंडळ, तिसगाव

४ फेब्रुवारी १९४६, सोमवार. सकाळ.

तोंड धुताना उगीच आठवलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. परसात हे कडुनिंबाची काडी चावत उभे, शेजारी मी कॉन्व्हेंटातून आणलेला ब्रश घेऊन. हे म्हणाले, "खरारा झाला की सांग, खोगीर घालतो." मला हसू आलं, पावडर नाकात गेली. मी शिंकतेय आणि हे हसतायत. विशेष काही नव्हतं. एवढंच.

ओसरीवर आले तर पायरीवर गोजरबाई मिसरी लावत बसलेली. शेजारी तिची सहा-सात वर्षांची नात पुष्पावती, तीही. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घेऊन आजी-नात हिरड्या चोळतायत, आणि माझी भांडी तशीच. एवढ्याशा पोरीचे दात काळे! गावभर हेच.

तिथल्या तिथे ठरवलं. जिल्हा लोकल बोर्डाने ठराव करावा. प्रत्येक शाळेत रोज दात घासण्याचं ड्रिल, वर्षातून एकदा डॉक्टरची तपासणी, मुलांना मिसरी बंद. हे बोर्डाचे ओव्हरसीयर होते, त्यामुळे तिथे माझ्या शब्दाला वजन आहे. मार्चच्या सभेत पास व्हायला हरकत नाही.

गोजरबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मिसरीबिगर पोरीला परसाकडं हुत न्हाई. मंग बोर्ड येनार हाय का?"

अर्जात याचा उल्लेख नको.

६ फेब्रुवारी.

मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी. चिटणीस तूर्त मीच. सभासद गोजरबाई (तिला अजून सांगायचं आहे). सभा खेळीमेळीत पार पडली.

९ फेब्रुवारी, शनिवार.

बोर्डाला नुसते शब्द नकोत, उदाहरण हवं. खडू, लवंग, कापूर, मीठ कुटून पावडर केली आणि मुलं ओसरीवर बोलावली. चांगली जमली. रांगेत उभं करून, कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा आम्हाला सांगायची तसं, "अप! डाऊन! अप! डाऊन!" ती हातात पट्टी घेऊन फिरायची. माझ्या हातात उलथनं होतं.

मुलांनी पावडर थुंकली. अंगण पांढरं झालं. पुष्पी म्हणाली, "बाई, आमची मिसरी बरी. ही भिंतीगत लागती."

सुरुवात म्हणून उत्तम.

१० फेब्रुवारी.

कोणी आलं नाही. रविवार.

११ फेब्रुवारी.

कोणी आलं नाही. काल रविवार होता म्हणून.

१४ फेब्रुवारी.

आठवलं की सिस्टर आम्हाला क्विनाइन साखरेतून द्यायची. क्विनाइन वाईट, साखर वाईट, पण परिणाम चांगला. कंट्रोलवर महिन्याला मोजून मिळणारी माझी साखर पावडरीत घातली. थोडीच. नंतर आणखी थोडी. साखरेने दात किडतात हे मला ठाऊक आहे, पण ही साखर दातांसाठीच आहे. चहा गुळाचा घेईन. उद्यापासून वाचनही रोज एक तास, आणि रात्री न चुकता ब्रश. आज राहून गेला.

१८ फेब्रुवारी.

ओसरी भरली! गोरक्ष, कडू, धाकटा आसाराम, वरच्या आळीतली सगळी. पावडर हातावर पडायच्या आधीच तोंडं उघडी. थुंकत कोणीच नाही. याला म्हणतात शिस्त.

२५ फेब्रुवारी.

सकाळी सातपासून इतका गलका की घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. बरं वाटतं. ड्रिल झाल्यावर पुष्पीच्या वेण्या घातल्या. हे मंडळाच्या कामात बसत नाही. पण डोकं स्वच्छ तर दात स्वच्छ. नंतर गोरक्षने मास्तरांची नक्कल केली, आसारामने मला चिंचेचा गोळा दिला. खाल्ला.

सुचित्राचं पत्र. आई, दादरला ये, एकटी काय करतेस तिथे? नातवासाठी पाठवलेली पावडर पोचली म्हणते, पण ते लोक ट्यूबमधली पेस्ट वापरतात. तिला कळवलं की सार्वजनिक कामातून निघणं शक्य नाही. एकटी म्हणे!

डावी दाढ जरा बोलते. गार वाऱ्याने.

२ मार्च.

बोर्डाचे सभासद काकासाहेब पुढच्या शनिवारी स्वतः ड्रिल बघायला येणार. ठराव झाल्यासारखाच. मुंबईला नवं मंत्रिमंडळ यायचं आहे. दातांचं खातं वेगळं मागावं का? घाई नको. आधी जिल्हा.

दाढ : उशी कडक आहे.

९ मार्च, शनिवार. दुपार.

काकासाहेब आले. टांग्यातून उतरतानाच म्हणाले, "काय वहिनी, आमच्या ओव्हरसीयरसाहेबांनी रस्ते केले, तुम्ही आता दात करणार!" मग माझ्या गालाकडे बघून, "विडा जोरात दिसतोय." मी हो म्हटलं. सूज आहे म्हणून कशाला सांगायचं? प्रसंग कोणता!

रांग सुरेख. मी "अप!" म्हटलं. मुलांनी हात वर केले आणि पावडर चाटली. मी "डाऊन!" म्हटलं. त्यांनी बोटं चाटली. काकासाहेबांनी पुष्पीला विचारलं, "कशापायी येतीस गं रोज?" ती म्हणाली, "ग्वाड हाय. लई." मग त्यांनी स्वतः चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि तळहात परत पुढे केला.

तपासणीचं बोलले तेव्हा मात्र गंभीर झाले. "वहिनी, दुधाचे दात पडायचेच. जे पडणारच त्याच्यावर बोर्डाने खर्च कशाला करायचा? शाळांच्या पडलेल्या भिंती अजून उभ्या राहिल्या न्हाईत."

म्हणजे आधी भिंती, मग दात. क्रम लागला हे महत्त्वाचं. खिशात घालायला त्यांनी पुडी मागून घेतली. सभेत दाखवतील.

१५ मार्च.

साखर संपली. वाण्याकडे गेले तर तो म्हणाला, "बाईसाहेब, एकट्या मानसाला एवढी साखर? मुंग्या पाळल्या का काय?" एप्रिलपर्यंत नाही. आता मुलांना सवय लागलेली आहे. साखरेचा टेकू काढून घ्यायला हीच वेळ योग्य.

१६ मार्च.

पूर्वीची शुद्ध पावडर. गोरक्षने चाटून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि खाली उतरला. त्याच्यामागून इतरही. पुष्पी वेणीसाठी थांबली. वेणी झाल्यावर गेली.

१९ मार्च.

कोणी नाही. होळी झाली, मढीची यात्रा लागली. कानिफनाथाला सगळा मुलूख लोटतो, मुलं काय घरी राहतील? यात्रेतल्या रेवड्यांवर बोर्डाने लक्ष ठेवायला हवं. अर्ज लिहिणार होते. दाढेमुळे बसवत नाही. खिडकीतून वारा येतो, खिडकी लावली तर उकडतं.

२३ मार्च.

यात्रेहून सगळे परतले. थकलेले असणार.

गोजरबाई म्हणाली, "थकत्यात कशाची? तिकडं पारावर इटीदांडू चाललाय. बाई, साखर सरली तशी पोरं बी सरली. तुमी उगं रोज सतरंजी घालता, मला झटकावी लागती."

ती मंडळाची सभासद असूनही असं बोलते.

२८ मार्च, गुरुवार.

बाजारात काकासाहेब भेटले. बोर्डाच्या सभेत विषय निघाला होता, जेवणानंतर. सभासद खूप हसले म्हणे, एकाने बोर्डाच्या घोड्यांचेही दात बघा असं सुचवलं. शेवटी विषय आरोग्य कमिटीकडे सोपवला. कमिटी कधी बसते विचारलं. ते म्हणाले, "कमिटी अजून नेमली न्हाई, वहिनी." पुडीचं विचारलं. ती गाडीतच संपली.

एकंदर चांगली बातमी. कमिटीकडे जाणं हा पहिला टप्पा असतो. घरी येताना दोनदा थांबावं लागलं, उन्हामुळे.

३ एप्रिल. गुढीपाडवा.

सकाळी नेहमीप्रमाणे सतरंजी घालून, बरणी घेऊन ओसरीवर बसले. मुलं समोरून गेली, नवे सदरे, गळ्यात साखरेच्या गाठींच्या माळा. चालता चालता चोखत. एवढी साखर नेमकी कुठून आली, कंट्रोलवर तर नाही. पुष्पीने लांबून माळ दाखवली. मी हात केला. ती येईल असं वाटलं. पण मागून कोणीतरी हाक मारली तिला.

पुरणपोळी केली होती, चावता आली नाही. गोजरबाईच्या पदरात घातली.

बोर्डाला स्मरणपत्र लिहिणं : उद्या नक्की.

५ एप्रिल.

डावा डोळा सुजेने मिटला. गोजरबाईने कंदील जवळ धरून तोंडात बघितलं. म्हणाली, "आवो बाई, हितं तर सगळं कुजलंय! आन् तुमी गावाची तोंडं उघडीत हुता व्हय?" मीठपाण्याचा तांब्या भरून दिला आणि रात्री घरी न जाता ओसरीवरच निजली.

पंचवीस वर्षांत मी माझी दाढ कोणाला दाखवली नाही, कारण इथे वर्षातून एकदा तपासणारं कोणी नाही. ठरावाची गरज यावरूनच सिद्ध होते. हे स्मरणपत्रात घालावं की नाही, बघू.

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

उद्या पहिल्या मोटारीने नगरला. तिथले डॉक्टर म्हणे बेशुद्ध करून काढतात. किती काढायच्या ते उघडून बघितल्यावर सांगणार. घाबरण्यासारखं काही नाही. तरी लिहून ठेवलेलं बरं. गोजरबाईला वाचता येत नाही, म्हणून निघताना तोंडीही सांगेन, तोंड उघडलं तर.

हस्तिदंती मुठीचा ब्रश सुचित्राला. नको म्हणाली तरी तिलाच. दाढेचं तिला सगळं आटोपल्यावर कळवावं, आधी नाही.

ह्यांचा मोजणीचा टेप शाळेला. भिंतींचं काम निघालं तर लागेल.

पावडरची बरणी गोजरबाईला. पितळ लखलखीत निघतं म्हणते.

भिंतीवरचा आरसा पुष्पीला. आता वेण्या तिने स्वतः घालायला शिकावं.

मंडळाचं अध्यक्षपद गोजरबाईला, मिसरी सोडली तर. न सोडली तरी.

सतरंजी कोणाला देऊ नये. रोज सकाळी घालावी आणि ओसरीचं दार उघडं ठेवावं. कंट्रोलवर माझी एप्रिलची साखर येईल, ती गोजरबाईने आणून ठेवावी. कोणी मूल आलंच तर हातावर घालावी. खडू-लवंग कुटत बसू नये, नुसती दिली तरी चालेल. दातांचं मी आल्यावर बघते.