पोचल्याच्या वेळेचा रकाना

प्रिय भिंगरी,

हे पत्र वाचताना तू रडत असशील की दातओठ खात असशील, ते मला इथे बसून सांगता येत नाही. दोन्ही चालेल. फक्त एक कर. माझी पत्रं तू शेवटापासून वाचायला लागतेस आणि उपदेश दिसला की घडी घालून ठेवून देतेस, हे मला ठाऊक आहे. आज पहिल्यापासून वाच. सकाळचे साडेपाच वाजलेत. आई आत पिशव्या भरतेय आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी हरवल्याचं जाहीर करतेय, आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून हे खरडतेय. अक्षर लागलं नाही तर घाईला दोष दे.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. अंगठी बोटातून निघेना म्हणून तू साबण लावलास, मग तेल लावलंस, शेवटी जावईबापू पकड घेऊन आले आणि तू त्यांना घराबाहेर काढलंस, इथे आई पोट धरून हसली. पाय इतके सुजलेत की नवऱ्याच्या चपला घालून शाळेत जातेस आणि पोरं मागून तुझ्या चालीची नक्कल करतात, इथेही हसली. मग आलं, की चार दिवस डोकं ठणकतंय आणि फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, पण ती खडूची धूळ असेल. आई त्यावरही हसली, कारण तुझी लिहायची ढबच तशी. मी मात्र तिच्या हातातून पत्र ओढून घेतलं. हातापायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके. भिंगरी, हे मी याच क्रमाने शेकडो वेळा वाचलंय. आमच्या फॉर्मवर लक्षणांचा रकाना असतो, त्यात असतं ते. ब्लड प्रेशर चढलेलं असतं, मग झटके येतात, आणि मग काय होतं ते मी तुला लिहिणार नाही. वेळेवर उपचार मिळाले तर आई आणि बाळ दोघंही धडधाकट घरी जातात. हे मी उगाच समजूत घालायला लिहीत नाहीये, हेही मी शेकडो वेळा वाचलंय.

मला ही नोकरी लागली तेव्हा मी नक्की काय करते ते घरात कोणालाच कळेना. काका तर सगळ्यांना सांगत सुटले होते, की आमची मोठी बाळं मोजते. तसं बघितलं तर ते बरोबरच होतं. कुठल्या वस्तीतल्या बाया बाळंतपणातून सुखरूप उठतात, कुठल्या उठत नाहीत, आणि सरकारने त्यासाठी काय करावं, हे शोधायचं माझं काम. अहवाल छापून आला तेव्हा आईने तो फुलदाणीखाली ठेवला, टेबलावर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून. तू मात्र तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास आणि मला फोनवर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवलंस. मोठं हॉस्पिटल दोन तासांच्या आत असेल, तर अंतरामुळे आईच्या किंवा बाळाच्या जिवाचा धोका वाढत नाही. मला केवढा अभिमान वाटला होता! त्याच एका वाक्यावर सरकारच्या समितीने लहान वस्त्यांमधल्या एकोणीस बाळंतपणाच्या खोल्या बंद केल्या. तुमच्या वस्तीतली खोली त्या यादीत अकरावी. तिच्यात आता शाळेचे मोडके बाक ठेवलेत आणि किल्ली तुझ्याकडेच असते, हे तूच गमतीने लिहिलं होतंस. आणि जावईबापू सातव्या महिन्यापासून तुला इकडे आणून सोडतो म्हणत होते, तर परीक्षा तोंडावर आल्यात असं सांगून तू त्यांच्यापुढे तेच पान उघडून धरलंस. ताईने छापून दिलंय म्हटल्यावर त्या बिचाऱ्यांचं काय चालणार?

ते वाक्य चुकीचं आहे. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, आणि कळलं तेही भर वर्गात. नव्या पाहणीसाठी फॉर्म कसे भरायचे ते मी नव्या लोकांना शिकवत होते. पेशंट लहान केंद्रातून मोठ्या हॉस्पिटलात पाठवला की नर्स दोन प्रती करते. एक पेशंटबरोबर जाते, दुसरी, कार्बनची निळी प्रत, केंद्रात राहते. निघाल्याची वेळ नर्स लिहिते, पोचल्याची वेळ हॉस्पिटलवाले कळवतात. मागच्या पाहणीत तेवीसशे फॉर्म होते, त्यातल्या त्रेचाळीस फॉर्मवर पोचल्याची वेळ लिहिलेलीच नव्हती. आमचा नियम असा, की अर्धवट फॉर्म बाजूला काढायचे. मी ते काढले. अहवालात तळाला बारीक अक्षरांत लिहिलं, की अपुऱ्या नोंदी वगळल्या आहेत. त्यातलाच एक फॉर्म त्या दिवशी मी निष्काळजीपणाचा नमुना म्हणून वर धरला आणि माझ्या नेहमीच्या खवचट स्वरात म्हणाले, की या बाईंना बहुतेक चहाची घाई झाली असावी. वर्ग हसला. शेवटच्या ओळीत एक पिकल्या केसांच्या नर्सबाई बसल्या होत्या, त्यांची खोली बंद झाल्यावर त्यांना आमच्याकडे फॉर्म गोळा करायला घेतलंय. त्या उभ्या राहिल्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की ते अक्षर त्यांचं आहे. पोचल्याची वेळ नाही, कारण ती मुलगी पोचली नाही. जीपमध्ये तिचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं.

त्यानंतर मी बाजूला काढलेल्या फॉर्मचे जे गठ्ठे सोडले, ते सोडायलाच नको होते असं आजही मनात येतं, बघ किती भित्री आहे तुझी बहीण. नर्सबाई आणि मी मिळून त्रेचाळीसही घरांचा माग काढला. नऊ ठिकाणी खरंच लिहायचं राहून गेलं होतं. पाच बायांची बाळंतपणं गाडीतच झाली आणि बाळं गेली. एकोणतीस बाया रस्त्यातच गेल्या. शहरातल्या हॉस्पिटलांच्या फॉर्मवर सगळे रकाने भरलेले असतात, तिथे लिहायला वेगळा माणूस असतो. अर्धवट फॉर्म येतात ते तुमच्याकडच्यासारख्या वस्त्यांमधून, जिथे एकच नर्स बाळंतपण करते, गाडी शोधते, सोबत जाते आणि परत येऊन फॉर्मही भरते. म्हणजे ज्यांचं सगळ्यात वाईट झालं, नेमक्या त्यांनाच मी निगुतीने वेचून बाहेर काढलं, आणि उरलेल्यांकडे बघून सगळं आलबेल आहे असं लिहून दिलं. ते दोन तासही नकाशावरचेच होते. नर्सबाई तो रस्ता साडेतीन तासांचा सांगतात, तोही घाटात पुढे मालट्रक अडकलेले नसतील तर.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, तेवीसशेत त्रेचाळीस म्हणजे दोन टक्केही होत नाहीत असं म्हणाले, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती टाकू, म्हणजे साधारण वर्षभरात, असं सुचवलं. टक्केवारी काढून माणसांना गप्प करायची ही विद्या त्यांना मीच शिकवलीय. पण आज अकरा वाजता समिती बसतेय आणि आणखी चौदा खोल्या बंद करायच्या कागदावर सह्या होणार आहेत. मी ती एकोणतीस नावांची यादी घेऊन जाणार आहे. मला बोलावलेलं नाही. दारावरच्या शिपायाने अडवलं तर तिथेच उभं राहून वाचीन म्हणते. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, त्याची भीती मला वाटत नाही. माझ्या वाट्याची सगळी भीती काल तुझ्या पत्राने एकरकमी उचलली.

मला भीती वाटते, भिंगरी. मला इतकी भीती वाटते की काल मी संडासात जाऊन नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. रविवारी मी तू आता इकडे ये म्हणून फोन केला तेव्हा तू ताईचं पुन्हा सुरू झालं म्हणून हसलीस आणि फोन जावईबापूंकडे दिलास. त्यांनी फार अदबीने सांगितलं, की तिला घाबरवू नका. माझंच चुकलं. पाचव्या महिन्यात तुझ्या पोटरीत गोळा आला तर मी तुझ्या तीन तपासण्या करायला लावल्या, सर्दी झाली तेव्हा डॉक्टरला दोनदा फोन केला. लांडगा आला रे आला म्हणून मी इतक्यांदा ओरडलेय, की आता खरा आला तरी तू दार लावून घ्यायची नाहीस. काल पुन्हा लावला, तर फोन लागलाच नाही. आणि लागला असता तरी तू काय म्हणाली असतीस ते मला तोंडपाठ आहे. पुढच्या आठवड्यात परीक्षा संपतात, मग येते. आणि वर माझंच वाक्य मला ऐकवलं असतंस.

आता शेवटचं सांगते. आईने तुला दारातच सांगितलं असेल, की ताईला पहाटे हॉस्पिटलात हलवलंय, तिचं काही खरं नाही, आहेस तशी चल. मीच तिला तसं बोलायला पढवलं, आणि गाडी वस्ती सोडून घाटाला लागल्याखेरीज हे पत्र तुझ्या हातात द्यायचं नाही असंही बजावलं. मला काहीही झालेलं नाही. स्वतःसाठी तू हातातला खडू खाली ठेवणार नाहीस आणि माझ्यासाठी अनवाणी धावत निघशील, हे मला माहीत होतं, म्हणून खोटं बोलले. पुढच्या सीटवर त्याच नर्सबाई बसल्यात. त्यांच्याकडे औषध आहे, इंजेक्शन आहे, आणि त्या हा रस्ता जाणतात. त्या म्हणतील तशी डाव्या कुशीवर झोप, त्यांनी ब्लड प्रेशर बघायला दंडाला पट्टा बांधला तर चेष्टा करू नकोस. डोळ्यांपुढचे ठिपके वाढले तर लगेच सांग, शहाणपणा करून लपवू नकोस. आईला यातलं फारसं माहीत नाही, तिच्याकडे बघून थोडं हस. मी स्वतः आले असते तर मला दारात उभी बघून तू खांद्याला धरून आत नेलं असतंस, चहा टाकला असतास आणि हलली नसतीस. तू पोचायच्या आत समितीपुढे माझं वाचून झालेलं असेल. मी हॉस्पिटलच्या फाटकात उभी असेन, काय भांडायचं ते तिथे भांड, हवं तर सगळ्यांसमोर एक थोबाडीत दे. पण आता गाडी वळवायला सांगू नकोस.

तुझीच,
ठणठणीत आणि घाबरलेली,
ताई