भिंतीवरचा आठवा फोटो

३ मार्च
आले बाई एकदाची! वेधशाळेचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि एक कुरकुरणारा पंखा. पण धाकटी बहीण इतकी खूश, की पाठीवरची बॅग न काढताच पलंगावर उड्या मारत सुटली. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. गालात खाऊ कोंबून बोलते म्हणून मी तिला खारूताई म्हणते, ती मला ढब्बू.

काम माझ्या आवडीचं. आकाशगंगेच्या काठावरच्या अगदी अंधुक, बुटक्या दीर्घिका फोटोंतून शोधून काढायच्या. मोठी दीर्घिका अशा लहानग्यांना ओढून ओढून फाडते, मागे ताऱ्यांचा नुसता लांबलचक पट्टा उरतो. ऑफिसच्या भिंतीवर असे सात पट्टे फ्रेम करून लावलेत, प्रत्येकाखाली एक घरगुती नाव. शोधणाऱ्याने आपल्या लाडक्या माणसाचं नाव द्यायचं, ही इथली पद्धत, असं वेधशाळेच्या प्रमुख सरांनी सांगितलं. मला फारच गोड वाटलं.

९ मार्च
सापडली! जेमतेम दोनशे ताऱ्यांचा पुंजका, पण माझा. नोंदवहीत शाईने ठसठशीत लिहिलं: खारूताई. सरांनी टाळ्या वाजवल्या. दुर्बिणीचे मिस्त्रीकाका मात्र तोंड फिरवून निघून गेले. त्यांची उजवी बाही रिकामी असते, यंत्रात हात गेला म्हणतात. माणूस जरा खडूसच दिसतो.

१२ मार्च
नव्या फोटोत खारूताई लांबट झाली आहे. याला कोट्यवधी वर्षं लागतात, तीन दिवस नाही. सर म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष असेल.

घरी धाकटी खांदा धरून रडत होती. शाळेत कोणी हात ओढला का विचारलं, तर म्हणाली, शाळेत नाही, वरून कोणीतरी ओढतंय.

१४ मार्च
दुपारी जेवताना तिचा हात माझ्या डोळ्यांदेखत लांबला. मनगटाची कातडी शिवण उसवावी तशी उसवली. ताटभर रक्त. करंगळी तुटून छताला आपटली आणि तिथेच चिकटून राहिली. डॉक्टरांनी टाके घातले, ते संध्याकाळपर्यंत तुटले.

मी तिला घट्ट धरून बसले आहे. माझ्या हातून निसटतेय.

१५ मार्च
नाव खोडलं. काही उपयोग नाही. सरांची कॉलर धरली तर म्हणाले, आठव्या फ्रेमची ऑर्डर दिली आहे. पेपरवेट तोंडावर हाणलं. दोन दात पडले, तरी हसत होते.

मिस्त्रीकाकांनी खरं सांगितलं. त्यांची बायको इथेच कामाला होती. तिने कौतुकाने त्यांचं नाव दिलं होतं. त्यांचा हात उखडला, तेव्हा तिने ते खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. भिंतीवरचा चौथा पट्टा, ती. जागा रिकामी राहत नाही, म्हणाले. आधी का नाही सांगितलं म्हणून मी किंचाळले. खाली मान घालून म्हणाले, आधी सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

१६ मार्च
सकाळपासून तिचा पाय— गुडघ्यापाशी— हाड वाजलं. ढब्बू, सोडव म्हणते—

लिहिलं. तिच्या खोडलेल्या नावाखाली. ढब्बू.

ओरडणं थांबलं. झोपली. माझी बाही चार बोटांत धरून. काका तिला घेऊन जातील, सांभाळतील. शब्द दिलाय.

भीती वाटतेय. खूप. तरी बरं वाटतंय.

उजवा गेला— खांद्यातून— डाव्याने लिहितेय. ओठ चावून धरलाय, ती जागी नको व्हायला— काका, उचला तिला— डोळे झाका तिचे, तिला हे दिसू—