भर कोर्टातली ओळख

ओमाहा, ९ फेब्रुवारी

ओतिलियामावशी,

आपल्या गावच्या यानिराने तुला फोनवर सांगितलंच असेल, की नेलिदाने भर कोर्टात ओळख दाखवली नाही. ते खरं आहे.

इथे मी दुभाषी आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं 'मी, मी' करत इंग्रजीत सांगते. स्वतःचं काही सांगायचं झालंच, तर 'दुभाषीचं म्हणणं असं' अशी सुरुवात करावी लागते. अकरा वर्षांत अमेरिकेशी माझं बोलणं एवढंच झालंय.

मंगळवारी कागदपत्रं नाहीत म्हणून पकडलेल्यांत यानिराला आणलं. मला बघताच ती म्हणाली, "अगं, तू चेमाची लेक नेलिदा ना?" नियमाप्रमाणे तेही मी इंग्रजीत सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्ही हिला ओळखता?"

ओळखीच्या माणसासाठी दुभाषी होता येत नाही; हो म्हटलं असतं तर दुसरी दुभाषी शोधावी लागली असती, सुनावणी एप्रिलवर गेली असती आणि तोवर यानिरा कोठडीत राहिली असती. मी म्हणाले, "दुभाषी हिला ओळखत नाही."

मग हेच वाक्य मला स्पॅनिशमध्ये तिला सांगावं लागलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. पुढची सगळी उत्तरं तिने मान खाली घालून दिली.

दोन दिवसांनी तिला सोडलं. काल बसथांब्यावर दिसली आणि मला पाहून पाठ फिरवून उभी राहिली. मी हाक मारली नाही.

तुझ्या हातच्या पुपुसा, त्या मक्याच्या भरल्या भाकऱ्या, खाऊन मी वाढले, मावशी. पण ओळख कबूल करणारं हे पत्र मला पाठवता येणार नाही. केस अजून चालू आहे, आणि निकाल लागेपर्यंत तिचं बोलणं मलाच सांगायचं आहे.

नेलिदा