सुरमईचा बर्फ

प्रिय सोनल,

अक्षर तिरकं आलंय, सांभाळून घे. तुझ्या दादावर, माझ्या नवऱ्यावर, मी पोलिसांत तक्रार केली हे तुला कळलंच असणार. दिवेआगरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. रागावली असशील. तरी वाच.

गेल्या थंडीत माझी बोटं गार पाण्यात गेली की पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लाल होऊन ठणकायची. टोकं काळसर राहू लागली, तर आपण सगळ्यांनी सुपारी सोलल्याचे डाग म्हणून सोडून दिलं. वाडीतल्या बायकांची बोटं काळीच, त्यात काय बघायचं? मीसुद्धा लिंबू चोळत बसले. तू माहेरी आलीस की ‘आल्या महाराणी’ म्हणून चिडवायचीस.

मेमध्ये तू आली होतीस. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि माझ्या हातून तळलेल्या सुरमईचं ताट निसटलं. दादा ओरडला, “सोंगं करते नुसती. थांब, तुझी थंडीच काढतो.” मानगूट धरून त्याने मला मासळीच्या बर्फाच्या पेटीवर दाबलं, दोन्ही हात मनगटापर्यंत आत. मी किंचाळले, त्याला चावले. त्याने माझं तोंड पेटीच्या कडेवर आपटलं. दात पडला, बर्फ लाल झाला, तरी हात सोडले नाहीत. तू त्याच्या पाठीत पळी घातलीस तेव्हा सुटले.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं. थंडीत बोटं पांढरी पुष्कळांची होतात, बहुतेकांना पुढे काही होत नाही, म्हणाल्या. पण माझ्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या, तुटलेल्या दिसल्या. कातडी ताठलेली. रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. स्क्लेरोडर्मा. यात शरीर स्वतःवरच उठतं. सोंग नव्हतं हे कुणीतरी म्हणालं, म्हणून मी तिथेच रडले. औषधं चालू आहेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मात्र कापावं लागलं.

खरं सांगते, घरी आल्यावर मी कोयता उचलला होता. नीट धरता आला नाही, म्हणून तुझा भाऊ जिवंत आहे.

आता तो डॉक्टरीणबाईंचाच रिपोर्ट गावभर दाखवतो. म्हणतो, बोट आजारानं गेलं, माझा काय दोष? आजार होताच, पण बर्फाने घात केला, असं डॉक्टरीणबाई लिहून देतील. हात बर्फात कुणी दाबले, हे त्यांच्या भिंगाला दिसत नाही. पाहुणे गेले आपापल्या गावी. उरलीस तू. भाऊ तुझा आहे, मला कळतं. तरी शनिवारी ये, आणि पोलीस ठाण्यात एवढंच सांग, की त्या दिवशी तू पळी का उचललीस.

तुझीच वहिनी,
मधुवंती