घड्याळजी सापडला, तू नाही

प्रिय उचापती,

या नावाने हाक मारली की तू चिडायचीस. आता चीड, वाट्टेल ते बोल, पण बोल.

माझं चष्म्याचं दुकान चालू आहे. इथेच माझ्या काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून तू तो बेपत्ता घड्याळजीला शोधायचा खेळ रचलास. म्हणायला खेळ, पण मोबाईलच्या पडद्यावर खेळायचं काहीच नाही. भिंतीवरचं पत्रक खरं, त्यावरचा फोन नंबर खरा. फोन लावला की पलीकडे घड्याळजीची बायको म्हणून मी रडायचे. तुझा नियम एकच, हा खेळ आहे असं कुणीही, कधीही म्हणायचं नाही. मला वाटलं, चार रिकामटेकडे खेळतील. बघता बघता लाखावर गेले! शाळावाले आले, इतिहास असा शिकवू म्हणाले. दवाखान्यातले आले, अंथरुणाला खिळलेल्यांना असं चालतं करू म्हणाले. तू हरखून सांगायचीस की ताई, उद्या माणसं मिळून काहीही शोधून काढतील. मला ते खरंच वाटलं होतं गं.

मग एका सकाळी तू मोबाईल टेबलावर ठेवून बाहेर पडलीस, ती आलीच नाहीस. आम्ही तुझा फोटो आणि घरचा नंबर छापून पत्रकं लावली. तुझ्या खेळाडूंना केवढा आनंद झाला! नवा भाग आला म्हणून त्यांनी फोटोतल्या तुझ्या स्वेटरवरच्या रेघासुद्धा सुगावा म्हणून मोजल्या. तक्रार लिहून घेणारा पोलीसही हसला, त्याची मुलगी खेळते म्हणे. शेवटी मी तुझा नियम मोडला. खेळाडू जमायचे त्या इंटरनेटवरच्या पानावर स्वच्छ लिहिलं की घड्याळजी हा खेळ आहे, पण माझी बहीण खरोखर हरवली आहे. त्यावर सगळ्यांनी वाहवा केली.

फोन वाजला की बाबा भरल्या ताटावरून उठायचे. तुझ्या खेळात ज्याला त्याला पदरचं जोडायची मुभा, त्यामुळे कुणी तुला बंदरावर पाहिलेलं, कुणी डोंगरातल्या स्टेशनवर. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, मग रागवायचं तरी कुणावर? बाबा प्रत्येक ठिकाणी जाऊन आले. मी अडवलं, तर म्हणायचे, एखादा खरं सांगत असला तर? तुझ्याबरोबर खेळ चालवणाऱ्या ऑफिसातल्यांनी तो चालूच ठेवला आणि गेल्या महिन्यात सगळ्यांनी मिळून घड्याळजीला शोधून काढलं. तुला शोधणारं बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं. मीसुद्धा थकले होते, खोटं कशाला सांगू.

हे पत्र मी त्याच पानावर टाकते आहे. जिथे असशील तिथून तू ते पान उघडशील, एवढीच आशा. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. परवा पुन्हा तसाच फोन आला आणि बाबा बंदरावर गेले. तिथल्या बाकावर, तुझी वाट बघत बसल्या बसल्याच ते गेले. हे लाखभर लोक वाचतील, लपवलेला निरोप शोधत ओळींची पहिली अक्षरं जुळवत बसतील, आणि बाबा गेले यावर त्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. तू तरी ठेव, आणि आईसाठी ये.

तुझीच, आता घरचा फोन उचलणारी,
ताई